साळवे मॅडमचा डबा

आमच्या ऑफिसात इंटरनेटची वायर उपटायचा हक्क फक्त साळवे मॅडमना होता आणि तो त्या मनसोक्त वापरायच्या. गिऱ्हाइकाकडे नवी यंत्रणा बसवली, सगळं सुरळीत चालू झालं, गिऱ्हाईक खूश होऊन चहा सांगायला वळलं, की मॅडम कुणालाही न विचारता भिंतीपाशी जायच्या, मॉडेमची वायर ओढून काढायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या.

"हं. नेट गेलं. आता चालवून दाखवा."

हे त्या आम्हाला म्हणायच्या. तरी मोटर बंद व्हायला हवी तेव्हा बंद व्हायची, भोंगा वाजायला हवा तेव्हा वाजायचा, आणि मग मॅडम वायर परत लावून चहाला यायच्या. चहा बशीत ओतून प्यायच्या, फुर्र आवाज करून. पुण्यात मोठ्या कंपनीत इतकी वर्षं काढून आलेली बाई, पण बशी काही सुटली नव्हती.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका लोखंडाच्या रोलिंग मिलच्या मागे, दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. मॅडम वाटूरच्या. वडील तिथंच प्राथमिक शाळेत गुरुजी होते. ते गेल्यावर आई एकटी पडली म्हणून मॅडम पुणे सोडून आल्या आणि काळे सरांबरोबर भागीदारीत हे काम सुरू केलं. काळे सर गिऱ्हाईक आणायचे, मॅडम आराखडा करायच्या, आम्ही दोघं-तिघं प्रोग्राम लिहायचो. मी आष्टीचा, म्हणून त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. "आष्टीकर, इकडं या जरा." आमच्या घरी शेती, त्यांच्या घरी जय भीम. पण परतूर तालुक्याची माणसं परमुलखात भेटावीत तसं त्या माझ्याशी बोलायच्या. परमुलूख म्हणजे काय, तर जालना.

कामाचं नाव फॉग कॉम्प्युटिंग. गिऱ्हाइकाला हे नाव सांगितलं की त्याचा चेहरा कोरा व्हायचा. मग मॅडम समजावायच्या.

"हे बघा भाऊ. तुमच्या गोदामात सेन्सर लावले. ते नाकासारखे. धूर आला, ऊन वाढलं, त्यांना कळतं. पण कळलेलं सांगायचं कुणाला? आजकाल सगळे सांगतात क्लाउडला. म्हणजे कुठं तरी लांब बसलेल्या सर्व्हरला. तो विचार करणार, मंग उलटा निरोप देणार, मंग तुमचा भोंगा वाजणार. आग लागली जालन्यात अन् विझवू का म्हणून विचारायचं परदेशात? अन् तेवढ्यात नेट गेलं तर? म्हणून मधी एक डबा. इथंच, तुमच्या भिंतीवर. जल्दीचं असंल ते त्यानंच ठरवायचं. बाकीचा हिशेब सावकाश वर पाठवायचा. ढग वर असतो ना? अन् धुकं जमिनीला लागून. म्हणून फॉग."

गिऱ्हाइकाला फॉग नाही कळला तरी डबा कळायचा. सगळीकडे त्याला डबाच म्हणायचे.

हा डबा कुठं बसवायचा यावर मॅडमची एक तऱ्हा होती. ऐन उन्हाळ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये त्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन अख्खी दुपार भिंतीला टेकून बसल्या होत्या. मालक कानकोंडा झाला. "मॅडम, केबिनमधी बसा की, एसी हाय."

"एसीत डबा बसणार हाय का?"

संध्याकाळी उठल्या तेव्हा पदर घामानं चिंब झाला होता. म्हणाल्या, "ही भिंत बाद. चारनंतर तापते. तिकडं लिंबाच्या अंगाला लावा." जिथं मी बसू शकत नाही तिथं डबाही टिकणार नाही, असं त्यांचं साधं गणित होतं.

दुसरी तऱ्हा बोलण्यातली. अंतरवालीच्या बाजूला एका मोसंबीच्या बागेत आमचं काम होतं. ऐन पावसात तिथला व्हॉल्व्ह उघडला आणि बागेत पाणीच पाणी झालं. शेतकरी फोनवर तापला होता. मी ऑफिसात येऊन सांगितलं, "मॅडम, सिस्टीमनं पाणी सोडलं."

"सिस्टीम कोण? आष्टीची का वाटूरची?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आष्टीकर, डब्यात बसून कुणी ठरवत न्हाई. आपण आधी ठरवून ठेवतो अन् तो आपल्या नावानं करतो. कुणी ठरवलं ते सांगा." शोधलं तर मॅडमनीच ठरवलेलं निघालं. पावसाचं माप चुकीचं धरलं होतं. लगेच शेतकऱ्याला फोन लावला. "दादा, साळवे बोलतेय. माझी चूक झाली." आणि फोन ठेवून बशीत चहा ओतला. चूक कबूल करणं तेव्हा त्यांना इतकं सोपं होतं.

मग जिनिंगचं काम आलं.

वाटूरहून परतूरकडे जाताना रस्त्याला लागून ते जिनिंग. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. आवारात कापसाच्या गंज्या, घराएवढ्या उंच. हंगामात कापूस कधी कशानं पेट घेईल याचा नेम नसतो. मशीनमधून एखादी ठिणगी उडते, कुणी बिडी टाकतं. म्हणून भाऊसाहेबांनी गंजीपाशी एक बाई बसवलेली होती, कौसल्याबाई. चाळिशीची, काटक, शेजारी पाण्याच्या बादल्या. तिचं काम एवढंच की गंजीकडे बघत राहायचं. ती आम्हाला बघून हसायची. "या, माझा भाऊ आनला का?" म्हणायची. भाऊ म्हणजे डबा.

डबा बसला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना हैराण केलं. जिनिंगमध्ये हवेत कापसाचं बारीक तूस उडत असतं. सेन्सरला ते धुरासारखं वाटायचं. भोंगा वाजला की मशीनं बंद, माणसं बाहेर, भाऊसाहेबांचा फोन. असं दिवसात कितीदा तरी. मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि नियम बदलला. एकट्या सेन्सरच्या सांगण्यावर भोंगा नाही. शेजारच्या सेन्सरनंही धूर आहे म्हटलं, तरच.

"एकाच्या ओरडण्यावर सगळं गाव उठवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "शेजारच्यानं व्हय म्हणलं पाहिजे."

भोंगा शांत झाला. आम्ही उदबत्तीचा धूर देऊन पाहिला, दोन्हीकडून दिला, बरोबर वाजला. मॅडमनी सवयीप्रमाणे वायर उपटली, तरी वाजला. भाऊसाहेब खूश. त्यांनी नारळ फोडला. मॅडम अशा वेळी नेहमी बाजूला सरकून वायरी तपासत राहायच्या, तशा राहिल्या. मग भाऊसाहेबांनी विचारलं, "मंग मॅडम, आता गंजीपाशी बाई बसवायची काय गरज?"

मॅडमनी गंजीकडे पाहिलं. कौसल्याबाई तिथंच बसलेली होती.

"तसं पाहिलं तर न्हाई," मॅडम म्हणाल्या. आणि जरा हसल्या. कामाचा अभिमान वाटला की माणूस हसतं तसं.

दुसऱ्या दिवसापासून कौसल्याबाईला मशीनवर कापूस ओढायला लावलं. बादल्याही कुणीतरी नेल्या.

हंगाम भरात असतानाची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. ऑफिसातल्या पडद्यावर भाऊसाहेबांचं जिनिंग हिरवं दिसत होतं, सगळं ठीक. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. भाऊसाहेब इतके ओरडत होते की मला पलीकडच्या टेबलावर ऐकू आलं.

"मॅडम, काय करून राह्यला तुमचा डबा? इथं गंजी पेटली!"

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. तो हिरवाच होता.

आम्ही पोचलो तेव्हा आग विझलेली होती. काळा ओला कापूस आवारभर पसरला होता, वासानं डोळे चुरचुरत होते. मॅडम गाडीतून उतरल्या त्या सरळ डब्याकडे गेल्या. डबा उघडला, लॅपटॉप जोडला, नोंदी वाचू लागल्या. एका सेन्सरनं वेळेवर सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. डबा शेजारच्याची वाट बघत राहिला होता. आणि शेजारचा बोललाच नव्हता. मी जाऊन पाहिलं, त्याची वायर उंदरानं कुरतडून तोडलेली होती, आणि तुटलेलं टोक जुनं, धूळ बसलेलं.

"शेजारचा मेलेला होता, मॅडम. आधीपासून."

"म्हणजे डब्यानं नियमाप्रमाणं केलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली.

बाजूला उभा असलेला हमाल म्हणाला, "कौसल्याबाईला जालन्याला नेलं."

"कशाला?" मॅडमनी विचारलं.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "धूर दिसला तशी ती मशीन सोडून पळत गेल्ती. बादल्या तिथं नव्हत्या. हातानंच वढून राह्यल्ती पेटलेला कापूस."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. आम्हाला येऊन अर्धा तास तरी झाला असेल. तेवढ्या वेळात आमच्यापैकी कुणीही कुणाला लागलं का, असं विचारलं नव्हतं. पुढे मॅडम मला म्हणाल्या होत्या की बाकी सगळं एकीकडे आणि ते 'कशाला' एकीकडे. तो आपलाच आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी काळे सरांनी अहवालाची गोष्ट काढली. ते वाईट माणूस नव्हते. रात्रभर झोपले नव्हते, हे डोळ्यांवरून दिसत होतं. "उंदरानं वायर तोडली, हे खरंच आहे. देखभाल जिनिंगची आहे, तेही करारात आहे. तेवढंच लिहू. खोटं काहीच नाही."

मला ते बिलकुल पटलं होतं. मला वाटतं आम्हा सगळ्यांनाच तो उंदीर हवाहवासा वाटत होता.

मॅडम म्हणाल्या, "काळे सर, तुमच्या हातून चूक झाली तर लोक म्हणतील काळेंची चूक झाली. माझ्या हातून झाली तर काय म्हणतील, ते मी शाळेपासून ऐकत आले. कालच भाऊसाहेबांचा माणूस मला ऐकू जाईल असं बोलला, की अशा लोकांना काम दिलं की असंच होणार. म्हणून तर मला तो उंदीर लई बरा वाटून राह्यलाय. म्हणूनच नुसतं तेवढं लिहू नका."

"मग काय लिहायचं?"

"गप्प पडलेला सेन्सर म्हणजे सगळं ठीक, असं मी धरलं. उंदरानं न्हाई धरलं."

काळे सर म्हणाले, "प्रज्ञाताई, उद्या कोण काम देईल आपल्याला?" एरवी ते त्यांना मॅडम म्हणायचे.

दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर होतो. पहिल्या दिवशी त्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. आतून बायकांचे आवाज येत होते. त्या उठल्या नाहीत. भेटायची वेळ संपली, आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी आत गेल्या.

कौसल्याबाईचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून उशांवर ठेवले होते. पायाशी तिची लेक.

"मी साळवे," मॅडम म्हणाल्या. "डबा बसवला ती."

"वळखते की. मानूस बसायची गरज न्हाई म्हनल्या व्हत्या तुम्ही."

मॅडमनी हो म्हणून मान हलवली.

"मी तिथंच बसल्ते," कौसल्याबाई म्हणाली. "ऐकलं व्हतं." मग थोड्या वेळानं, "मंग बोंबलला का न्हाई त्यो?"

"मी त्याला तसं शिकवलं होतं. शेजारच्या सेन्सरनं सांगितल्याबिगर वाजू नको म्हणून. अन् शेजारचा बंद पडल्ता. ते मला कळायला पाहिजे होतं. माझी चूक आहे, कौसल्याबाई."

मोसंबीवाल्याला फोनवर सांगितलं होतं तेच वाक्य. पण इथं ते सांगताना त्यांची मान वर होत नव्हती आणि हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते पाठीमागे नेले.

कौसल्याबाईनं भिंतीकडे तोंड केलं. "मला त्यातलं काय कळत न्हाई."

लेक उठली. "झालं का तुमचं? आईला पडू द्या आता."

"मी येत जाऊ का?" मॅडमनी विचारलं.

"कशाला?" लेक म्हणाली.

बाहेर आल्यावर मॅडमनी तोंडावर पाणी मारलं आणि नळ चालूच ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मी नळ बंद केला.

त्यानंतर त्या जिनिंगवर गेल्या. पाळी बदलायची वेळ, माणसं आवारात गोळा झालेली. वजनकाट्यापाशी उभ्या राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज लहान होता, मागच्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून कुणीतरी "जोरात" म्हणालं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"आग लागली ते डब्यानं कळवलं न्हाई. उंदरानं वायर खाल्ल्ती, हे खरं. पण वायर तुटली तर डब्यानं आधी ओरडलं पाहिजे, ही सोय मी केली नव्हती. अन् गंजीपाशी बाई नको, हे भाऊसाहेबांना मीच म्हणले."

दोघं-तिघं तसेच निघून गेले. एक म्हातारी म्हणाली, "आधी बोलायचं व्हतं, बाई."

"हो," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे बॅग धरून उभा होतो. ऊन फार नव्हतं, तरी कान तापले होते. वाटत होतं, मॅडमना इथून घेऊन जावं. आणि असंही वाटत होतं, की आपल्याकडे कुणी बघू नये.

भाऊसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "माझ्या आवारात असं बोलायचं कुणी सांगितलं तुम्हाला? नाव माझं खराब होतं."

"सेन्सरच्या हजेरीची सोय करून देते. जो हजेरी देणार न्हाई त्याच्या नावानं डबा आधी ओरडेल. पण गंजीपाशी माणूस परत बसवा. त्याबिगर डबा चालू करणार न्हाई."

"मंग डबा कशाला पाहिजे?" भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी तो काढून टाकायला लावला.

मॅडमनी पुढचे महिने एकच काम केलं. जिथं जिथं आमचा डबा होता तिथं जाऊन नियम बदलले. शीतगृहवाला म्हणाला, "आमचं चांगलं चालू हाय, कशाला हात लावता?" मॅडम म्हणाल्या, "चालू हाय असं वाटून राह्यलंय." तपासलं तर तिथंही एक सेन्सर कधीचा मुका झालेला होता. त्याला त्यांनी जिनिंगची हकीकत सांगितली. नवीन गिऱ्हाइकालाही त्या चहाच्या आधी तीच सांगायच्या. बरीचशी गिऱ्हाइकं चहा पिऊन परत आली नाहीत. वायर उपटायचं त्यांनी सोडलं. "आता तुम्ही उपटा, आष्टीकर," म्हणायच्या आणि लांब उभ्या राहायच्या.

एका इंजिनिअरिंग कॉलेजानं व्याख्यानाला बोलावलं होतं. विभागप्रमुखांनी आपल्या मातीतली कर्तबगार लेक वगैरे ओळख करून दिली. मॅडमनी फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या, खाली सेन्सर, वर क्लाउड, मधे डबा. मधल्या चौकोनावर खडू टेकवला आणि म्हणाल्या, "हा मी केला होता. यानं एका बाईचे हात कामातून गेले." पुढच्या रांगेतले प्राध्यापक चुळबुळ करू लागले. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मग मॅडम, फॉग नकोच का? सगळं क्लाउडलाच पाठवावं?"

"न्हाई. तिथं पाठवलं असतं तरी हेच झालं असतं, जरा उशिरा झालं असतं. ठरवायचं ते जवळच ठरवा. पण जवळ ठरवायचं म्हणजे जवळच्या माणसाला विचारून. ती दहा पावलांवर बसल्ती. मी तिला विचारलं न्हाई."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे मुलांना कळलं नाही. काहींनी वाजवल्या. मॅडमनी हातानं नको नको केलं.

त्यांच्या आईला हे बघवत नव्हतं. मी वाटूरला त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा म्हातारी माझ्यासमोरच म्हणाली, "तुझ्या बापानं ताठ मानेनं चालायला शिकवलं तुला. किती दिस आसं तोंड लपवून राहशील, बाई?"

मॅडम म्हणाल्या, "लपवून न्हाई राह्यले, आई. सगळ्यांना सांगून राह्यले."

"त्येच म्हन्ते मी," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

काळे सर वर्षभरात वेगळे झाले, भांडण न करता. काम इतकं कमी झालं की मला पगार देताना मॅडमना अवघड व्हायला लागलं. मला पुण्याची नोकरी मिळाली ते सांगायला गेलो, तर माझ्याआधी त्याच म्हणाल्या, "जा. बिलकुल जा." मग म्हणाल्या, "तिथं कुणी विचारलं, आधी कुठं होता, तर जिनिंगचं लपवू नका." मी हो म्हटलं. मुलाखतीत कुणी विचारलं नव्हतं, ते मला बरं वाटलं होतं.

मागच्या दिवाळीनंतर गावाहून परत निघालो होतो. वाटूर फाट्यावर आमची गाडी चहासाठी थांबली. रस्त्याच्या पलीकडे, जालन्याकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत लोक उभे होते. त्यात मॅडम दिसल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यातून दवाखान्याची फाइल वर आलेली. केस बरेच पांढरे झाले होते. शेजारी कौसल्याबाई. दर आठवड्याला मॅडम तिला बोटांच्या व्यायामासाठी जालन्याला नेतात, हे मला जुन्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं. लेक कामाला जाते, दिवसा दुसरं कुणी नसतं. लेक अजूनही मॅडमशी बोलत नाही, असंही तो म्हणाला होता.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कौसल्याबाई रस्त्याकडे बघत होती. मॅडम जरा मागे, अंतर ठेवून.

मी हाक मारणार होतो. ग्लास खाली ठेवला आणि रस्ता ओलांडायला निघालोही, तेवढ्यात एसटी आली. गर्दी दारावर तुटून पडली. कौसल्याबाई पुढे झाली. तिनं दाराच्या दांडीला हात घातला, पण बोटं वळेनात, हात दांडीवरून घसरला. मागचे लोक रेटत होते. तिनं दुसऱ्यांदा करून पाहिलं. मॅडमनी हात पुढे केला नाही, नुसत्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

मग कौसल्याबाईनं मागं न बघताच कोपर वाकवलं, मॅडमच्या दंडात घट्ट अडकवलं आणि त्या दंडावर सगळा भार टाकून पायरी चढली. मॅडम तिच्याबरोबर ओढल्या गेल्या, धडपडल्या, पिशवी दारात अडकली. कंडक्टर ओरडला, "चला, जल्दी करा, बाई." पिशवी सुटली, दार लागलं आणि एसटी निघून गेली.